पहिल्याच दिवशी साखर बघा

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पायांची सूज उतरली का? डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, असं भावोजी म्हणाले. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी पोटातल्या बाळासाठी ऐक. इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गाणं शिकायला घेतलंय. सकाळ-संध्याकाळ एकच ओळ घोटतात. आता ती मला पाठ झालीय, बहुधा त्यांच्या आधी.

फोन का नाही केला, असं म्हणशील. तो विषय निघाला की तू "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून. पत्र मध्येच ठेवून देऊ नकोस. भावोजींना शेजारी बसवून वाच.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. "धाकटी काचेच्या बशीत पेशी वाढवते" एवढंच तू सगळ्यांना सांगतेस, आणि तुझ्या सासूबाई विचारतात, "खायच्या असतात का?" तर ऐक. पोटातल्या बाळाच्या आतड्याच्या नळीला सुरुवातीला दोन बारीक कोंब फुटतात. ते एकत्र येऊन स्वादुपिंड तयार होतं. त्याच्या आत नळ्यांचं जाळं पसरतं. बहुतेक पेशी अन्न पचवणारा रस करायला लागतात, पण नळ्यांच्या भिंतीतल्या थोड्या पेशींना वेगळाच हुकूम मिळतो. त्या भिंत सोडून निघतात, घोळका करून बसतात आणि त्यांतल्या काही इन्सुलिन करायला शिकतात. रक्तातली साखर अंगी लागते ती त्याच्यामुळे. पोटात बाळाचं अंग भरतं तेही त्याच्यामुळेच.

आम्ही बशीत हेच घडवून आणतो. इन्सुलिन तयार झालं की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या चमकाव्यात, अशी सोय केलेली असते. मध्यंतरी एका आजारी बाळाच्या पेशी आल्या. मी त्या अगदी लाडाने वाढवल्या. नळ्या झाल्या, आणि पुढे काहीच नाही. सगळ्या पेशी भिंतीला चिकटून उभ्या. हिरवं काही दिसेचना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा अंधार. हुकूम देणारं जनुकच मोडलेलं होतं. एक मोडकी प्रत आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. ते दोघंही ठणठणीत. फक्त एकमेकांचे लांबचे नातलग.

काल त्या बाळाच्या डॉक्टर बाई आमच्याकडे आल्या होत्या. बाळाच्या आईने जे सांगितलं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. "जन्मतःच काडी होती. सारखी प्यायची, तरी वाळत चालली. लंगोट घातला की भिजायचा. आणि भिजलेल्या लंगोटांना मुंग्या लागायच्या."

ताई, माझ्या हातातून बशी सुटली. कुणीतरी विचारलं, "लागलं का?" मी जिन्यात जाऊन बसले.

मी कॉलेजात होते, सुट्टीला तुझ्याकडे आले होते. बाल्कनीतल्या लंगोटांच्या बादलीला मुंग्यांची रांग लागली होती. सासूबाई म्हणत होत्या, "हिला धुणंसुद्धा जमत नाही, पोर काय सांभाळणार!" आणि तू मान खाली घालून पुन्हा साबण लावत होतीस. पुढच्याच आठवड्यात बटण गेला. एवढासा म्हणून भावोजी लेकाला बटण म्हणायचे. सगळे म्हणाले, आईचं दूध पातळ. तूही तेच धरून बसलीस.

तुझं दूध पातळ नव्हतं गं. त्यातली साखर त्याच्या अंगी लागतच नव्हती, सगळी लघवीतून वाहून जात होती. एवढ्याशा बाळाला मधुमेह असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कुणी तपासलंच नाही.

तू आणि भावोजीही लांबचे नातलग आहात. माझा तर्क खोटा ठरो. पण खरा असेल, तर आता येणाऱ्या बाळालाही हे असण्याची शक्यता चारात एक आहे. दोघांचं रक्त तपासायला द्या. आणि काहीही झालं तरी, बाळ आलं की पहिल्याच दिवशी त्याची साखर बघायला लाव. कुणी हसलं तरी लाव. ज्या बाळाच्या पेशी माझ्याकडे आल्या ते जगलंय, ताई. वेळेवर इन्सुलिन मिळालं म्हणून.

माझ्यावर रागाव, पण गप्प बसू नकोस.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी धाकटी


२ डिसेंबर

प्रिय धाकटे,

उत्तराला उशीर झाला. पत्र आधी मी वाचलं. मग ह्यांनी ते पुन्हा वाचलं, मोठ्यांदा, सासूबाईंना ऐकू जाईल असं. मुंग्यांचं आलं तशा त्या दारात आल्या. "म्हणजे मी तुला..." एवढंच म्हणाल्या. एरवी मी "जाऊ द्या हो" म्हणून मोकळी झाले असते. त्या दिवशी ते तोंडातून निघेचना.

रक्ताचं तू म्हणालीस तेच निघालं, दोघांचंही. आणि त्याच आठवड्यात मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. काडी. मी म्हटलं, साखर बघा. नर्स म्हणाली, "अहो, लवकर आलेल्या बाळांची साखर कमी होते, जास्त नाही."

"मग जास्त नाही, हेच बघा."

तिने बघितली. यंत्राने आकडा दाखवलाच नाही, नुसतं "फार जास्त". तिने दुसरं यंत्र आणलं. तेच. मग सगळे पळायला लागले. म्हणजे खरं होतं. बटणाचंही खरं होतं. ही हाती लागली त्याच क्षणी तो माझ्या हातून पुन्हा गेला. एकाच बाईला एकाच वेळी हे दोन्ही कसं होऊ शकतं, ते तुझ्या बशीत बघून मला सांग.

तिला इन्सुलिन चालू आहे, थेंबाच्याही अंशाने. जन्मभर लागेल म्हणतात. लागू दे. वजन वाढायला लागलंय, आणि रडली की अख्खा मजला जागा करते.

काल नवी नर्स आली. सहज विचारलं, "पहिलीच का हो?" आजवर कुणी विचारलं तर मी मूल नाही असंच सांगत आले. काल सांगितलं, "दुसरी. हिच्या आधी मुलगा होता."

तुझी ताई,
दोन मुलांची आई