अर्ज मागे घ्यायचा राहून गेला

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (सध्या तू नाकारतेस, पण जन्माच्या दाखल्यावर तशी नोंद आहे) शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे तुझी भावजय माझ्याशी कामापुरतं बोलते आणि माझा उजवा गुडघा तिच्याहून जास्त बोलतो. तुझी पाठ कशी आहे? मतमोजणीच्या दिवशी तू लोखंडी खुर्चीवर अकरा तास ताठ बसली होतीस. मला तेव्हाच काळजी वाटली होती. विचारायला निघालोही होतो, पण तू माझ्याकडे असं काही पाहिलंस की मी अर्ध्या वाटेत पाणी पिऊन परत फिरलो. तुझं घर माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर असताना मी तिकीट लावून पत्र पाठवतोय, म्हणून पोस्टमन हसेल. हसू दे. पाच आठवड्यांत मी चार वेळा आलो. चारही वेळा आत रेडिओ चालू होता आणि बेल वाजवली की बंद झाला.

झालं ते तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण तू ते लोकांच्या तोंडून ऐकलंयस आणि लोकांना काय, फुकटचा मीठमसाला. भाऊजी गेले आणि त्यांची आमदारकीची जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक लागली. ज्या पक्षासाठी त्यांनी तीस वर्षं घसा फोडला, त्याने तिकीट दिलं वाळूच्या ठेकेदाराला. तू चिडून अपक्ष अर्ज भरलास. (बरोबर केलंस. मी तेव्हाही म्हणालो होतो, हळू आवाजात.) मग ज्याला आरशात स्वतःचं तोंड आवडतं अशा प्रत्येकाने अर्ज भरला आणि उमेदवार झाले पंचवीस. तेव्हा तू मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणालीस, तूही एक डमी अर्ज भर. छाननीत तुझा अर्ज बाद झाला तर घरातलं कुणीतरी उभं असावं, आणि मंजूर झाला तर मी गुरुवारी दुपारी तीनच्या आत माझा मागे घ्यावा. एवढंच काम होतं. पन्नाशीच्या माणसाला जमेल असं होतं.

तुझा अर्ज मंजूर झाला. गुरुवारी मी माघारीच्या कागदावर सही करून वेळेत निघालो. पण निवडणूक कचेरीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत आम्ही सहा जण. दर निवडणुकीत उभा राहणारा तो म्हातारा कवीही होता, आणि अंधार झाला तसा त्याने जाहीरनामा म्हणायला घेतला. पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा माणूस आत आहे म्हटल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. खिशात एक टेस्टर, त्याच्यावर मी काय करणार? बाहेर पडलो तेव्हा तीन वाजून चार मिनिटं झाली होती. दार बंद. नशीब, दुसरं काय.

मग चिन्हं वाटली. छत्री, शिट्टी, बादली, सगळी चांगली चांगली चिन्हं पुढच्यांनी उचलली होती. माझ्या वाटणीला उरली उशी आणि नेलकटर. मी उशी घेतली. तू म्हणशील, नाव राहिलं तर राहिलं, घरी गप्प बसायचं होतंस. बसलो होतो, दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकंच विचारायला लागली की उमेदवार असून दुकानात काय करता. म्हणून निघालो. काखेत उशी बघून लोक विचारायचे, आज मुक्काम कुणाकडे? कुठल्याही घरी गेलो की बाई म्हणायची, आलाच आहात तर जरा पंखा बघा. एका गल्लीत सकाळी नऊला शिरलो तो सात पंखे, तीन मिक्सर आणि एक कपडे धुण्याचं मशीन चालू करून दुपारी दोनला बाहेर पडलो, आणि मताचं बोलायचं राहूनच गेलं. जिथे आठवलं तिथे मी स्वच्छ सांगत होतो की माझं नाव चुकून राहिलंय, मत ताईलाच द्या.

व्यापारी संघाच्या सभेत तर तू होतीसच. चौदा माणसांचं स्टेज, त्यावर सव्वीस उमेदवार. माझा एक पाय स्टेजवर आणि दुसरा जनतेत. प्रत्येकाला नव्वद सेकंद. तू सहावी बोललीस, चांगलं बोललीस. भाऊजींचं नाव घेताना तुझा आवाज गेला आणि वीस सेकंद त्यातच गेले, तरी त्या घंटावाल्याला दया आली नाही. माझा नंबर बाविसावा. तोपर्यंत समोर खुर्च्या उचलणारे दोघं आणि माझ्यानंतर बोलणारे चौघं, एवढीच सभा उरली होती. माइक खरखरत होता. मला खरखर सहन होत नाही, तुला माहीत आहे. तो उघडून नीट केला आणि तेवढ्यात घंटा झाली. माझ्यानंतरचे चौघं फार सुरेख ऐकू आले.

निकाल लिहायला हात वळत नाही. वाळूवाला एकशे अठ्ठ्याऐंशी मतांनी आला. दुसरी तू. मला दोनशे अकरा. याची वजाबाकी मी इथे करत नाही, सगळ्या गावाने केलेली आहे. माझ्या दुकानात पंखा टाकायला येणारा माणूसही पंखा ठेवण्याआधी ती करून दाखवतो. दुसऱ्याच आठवड्यात वाळूवाल्याच्या माणसांनी भाऊजींच्या ऑफिसातलं तुझं टेबल बाहेर काढून फुटपाथवर ठेवलं. बावीस वर्षं त्या टेबलावर तू लोकांचे अर्ज लिहिलेस. भाऊजी खाली सही करायचे आणि लोक त्यांच्या पाया पडायचे. मी दुकानातून बघत होतो. एक बाई हातात कागद घेऊन आली, रिकाम्या टेबलाशी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मला फार वाईट वाटलं, ताई. पुढे होऊन तिचा कागद घ्यावा असंही वाटलं, पण मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही.

तर असा सगळा प्रकार आहे. दोष द्यायचाच तर त्या लिफ्टला दे. पाठीला शेक घे. कळावे, लोभ होता तेवढा नको, निम्मा चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. लिफ्ट अडकली नव्हती. मी दोन वाजून वीस मिनिटांनीच पोचलो होतो. त्या खोलीतले चारही पंखे मी दर उन्हाळ्यात दुरुस्त करतो. दरवेळी स्टुलावर उभा, तोंड छताकडे, आणि खाली साहेब लोक डोक्यावर धूळ पडते म्हणून कुरकुरत असतात. त्या दिवशी कारकून उठून म्हणाला, ‘उमेदवार का? या साहेब, बसा.’ मी खुर्चीवर बसलो. चहा आला. कागद खिशात होता, सहीसकट. चहा संपवून देऊ म्हटलं. मग त्यांनी अजून एक कप विचारला आणि मी हो म्हणालो. तीन वाजेपर्यंत मी चांगला शुद्धीवर होतो.

ता. क. २. ‘मत ताईलाच द्या’ हे मी पहिल्या दोन गल्ल्यांतच सांगितलं. तिसऱ्या गल्लीतली एक बाई म्हणाली, ‘ताईंना नाही हो, आम्ही तुम्हालाच देणार.’ त्यानंतर मी ते वाक्य सोडून दिलं.

ता. क. ३. आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. तुझ्या भावजयीने मत तुला दिलं. मी मलाच दिलं. ते सोडून दोनशे दहा राहतात. त्या माणसांना आमदारसाहेबांचा मेव्हणा नको होता, ताईचा भाऊ नको होता, मी हवा होतो. तुझी जागा गेली, टेबल गेलं, याचं मला रोज सकाळी दुकान उघडताना वाईट वाटतं. पण ती मतं मला मिळाली नसती तर बरं झालं असतं, असं काही केल्या म्हणता येत नाही. पाच आठवडे म्हणून बघतोय. ते म्हटल्याशिवाय माफी मागणं खोटं होईल, म्हणून मी माफी मागत नाही. रविवारी सकाळी दहाला येतो. दार उघडणार असशील तर हे सगळं माहीत असून उघड.