वीस पावलं

२४ फेब्रुवारी ७४, रविवार

शेवटी ग्रामसभेला अक्कल आली. म्हणजे मी आणली. दोन वर्षं दुष्काळात गवताची काडी दिसली नाही, आणि औंदा माझ्या गोदामामागे गवत कमरेला लागतं. त्यात रायमुनिया, बोरी, बाभळी — सगळं वाळून खडखडीत. एक ठिणगी पडली की आसेगाव साफ! गोदामात सरकी भरलेली, मला चैन पडत नाही. बाकीचे निवांत. आग लागल्यावर विहीर खोदणारी माणसं.

ठरलं ते असं — प्रत्येक घरापासून वीस पावलं जागा मोकळी. गवत, काट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, काही ठेवायचं नाही. घरटी एक माणूस, आठ दिवस. सरपंच म्हणाले, "गोया करू अन् पेटवून देऊ." मी उठलो. म्हटलं, त्यात मुंग्या आहेत, सरडे आहेत, पाखरांची अंडी आहेत. जिवंत जाळणार? जाळायचं नाही, कापून बारीक करायचं. कडबा कापायचं माझं चाकाचं यंत्र देतो, फुकट. सगळे कबूल झाले. धर्म कळायला वेळ लागतो, फुकट लगेच कळतं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

पावलं मीच मोजली. माझी पावलं, म्हणजे पुढे वाद नको.

यंत्राचं चाक फिरवायला हेमलाला लावलं, हिरीबाईचा मुलगा. ऊसतोडीला जाणारा गडी, औंदा आई आजारी म्हणून राहिला. सकाळपासून चाक फिरवतो, दमत नाही. हिरीबाई वीस वर्षं आमच्याकडे धान्य निवडते. नवरा मेल्यावर तांडा सोडला आणि माझ्या गोदामामागे जरा लांब झोपडी टाकली, दोन शेळ्या घेऊन. राहू दिलं. उपकार कोण लक्षात ठेवतो?

१ मार्च, शुक्रवार

हिरीबाईने तमाशा केला. झोपडीला टेकून पऱ्हाट्यांची उभी रास, तिचं वर्षाचं सरपण. आडवी उभी राहिली. "कस्तुरशेट, माह्यी चूल कायच्यावर पेटवू? तुमच्या नियमावर?" जीभ बघा!

मी हेमलालाच रास ओढायला लावलं. म्हटलं, गावाचं काम तुझ्या घरापासून सुरू होऊ दे. तो ओढत होता, ती एकेक पऱ्हाटी परत घेत होती. त्यानेच तिच्या हातातून सोडवून यंत्रात घातल्या. लोक हसत होते. मलाही गंमत वाटली, खोटं कशाला लिहू.

४ मार्च, सोमवार

काम संपलं. कापलेल्या भुशाचा ढीग दोन बैलगाड्यांएवढा झाला. आता तो ठेवायचा कुठे? कुणाच्याच घराच्या वीस पावलांत नको, नियम म्हणजे नियम. सगळीकडून मोजत आलो तर एकच जागा उरली — हिरीबाईच्या झोपडीची मागची भिंत.

ती म्हणाली, "माह्यं घर घर नाई का?"

म्हटलं, पंचायतीच्या वहीत तुझ्या झोपडीला नंबर नाही. नंबर नाही ते घर नाही.

"मंग मी कोठी राह्यतो, शेटजी? झाडावर?"

सगळे हसले. मी समजावलं — सरपण गेलं म्हणून रडत होतीस ना, आता अख्ख्या गावाचं सरपण तुझ्या दारात. पाहिजे तेवढं ने. पावसाळ्यात कुजून खत होईल. म्हणते, "पावसाया दूर हाय." यांना काही द्या, समाधान नाही.

९ मार्च, शनिवार

तांड्याची होळी पहाटे पेटली. दाराशी चार घागरी भरून बसलो होतो. काही झालं नाही.

३० मार्च, शनिवार

ओली, आमचं चैत्रातलं व्रत, कालपासून सुरू. गावात आमची चारच जैन घरं, पण औंदा नऊ जण आयंबील करताहेत. नऊ दिवस एकदाच अळणी जेवण आणि उकळलेलं पाणी. पाणी सगळ्यांना आमच्याकडून, पुण्याचं काम आहे. माझी बायको प्रेमाही आयंबील करते आणि दिवसभर चुलीशी बसते. राख दोन-दोन टोपल्या निघते. अंगणात टाकायची नाही. हिरीबाईच्या मागे ढिगावर टाकायला सांगितली.

१ एप्रिल, सोमवार

प्रेमा विचारते, "राखीत इंगय हायेत. पाणी शिपडू का?"

बायकोला धर्म शिकवायची वेळ यावी! पाण्यात जीव, अग्नीत जीव. ओलीच्या दिवसांत दोन्ही मारणार? वरून कोरडी राख घाल, निखारे आपोआप विझतात. ती टोपली उचलून गेली.

३ एप्रिल, बुधवार

दुपारी दोनला ढीग पेटला. बघता बघता झोपडी धरली. विहिरीपासून रांग लावली, माझ्या गोदामावर शंभर बादल्या तरी ओतल्या. भिंती, छप्पर, सगळं भिजवून काढलं. कुणीतरी ओरडलं, तिकडे म्हातारीकडे पाणी टाका. म्हटलं, आधी गोदाम.

शेळ्या आत बांधलेल्या. हिरीबाई आत शिरली. एक शेळी बाहेर आली, एक नाही. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. प्रेमा एकटी पाण्याची कळशी घेऊन तिकडे धावली. त्या एका कळशीने काय होणार होतं?

पण वीस पावलं! एक ठिणगी ओलांडून आली नाही. माझा हिशेब चुकला नाही.

४ एप्रिल, गुरुवार

सकाळी सरपंचाच्या ओट्यावर गाव जमलं. आग लावली कुणी? हेमला बिड्या ओढतो. तेवढं पुरलं. तो सांगत होता, "मी मंगरूळच्या बजारात होतो. आईसाठी दवाई आनाले गेलो होतो." साक्षीदार कोण? मग कोयत्याच्या दांड्यांनी मारला. सरपंचाच्या भावाने उजवा हात ओट्याच्या काठावर ठेवून दाबला. मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. त्याच हाताने तो चाक फिरवायचा.

मी हात उचलला नाही, आपल्यात हिंसा बसत नाही. मी फक्त ठराव वाचला — मायलेकांनी गाव सोडून तांड्यावर जावं.

हिरीबाई हातांना फडकं गुंडाळून बसली होती. जाताना मला म्हणाली, "शेटजी, मुंग्या तं वाचल्या ना?"

५ एप्रिल, शुक्रवार

महावीर जयंतीची मिरवणूक छान झाली. सरपंचांनी मला हार घातला, गाव वाचवलं म्हणून. तालुक्याहून एक साहेब चौकशीला आले. विचारलं, घरं किती जळाली? म्हटलं, एकही नाही. वही दाखवली. खोटं बोललो नाही.

प्रेमा आज एकदाचंही जेवली नाही.

७ एप्रिल, रविवार

पारणं झालं. प्रेमाने ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "आग आपल्या राखीनं लागली. तुमाले ठावं हाय."

ठाऊक आहे. त्या दुपारीच कळलं होतं. ढीग राख टाकायच्या बाजूने, बुडातून धुमसत वर आला. बिडी पडली असती तर वरून पेटला असता. ओट्यावर हेमलाला मारत होते तेव्हा मला हे माहीत होतं. बोललो असतो तर तो हार कुणाच्या गळ्यात पडला असता? आणि दांडे कुणाच्या पाठीत? भीती वाटली. इथे लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही.

प्रेमाला सांगितलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. "बरं," म्हणाली. ताट उचलून नेलं. शहाणी आहे.

९ एप्रिल, मंगळवार

प्रेमा सकाळी तांड्यावर जाऊन हिरीबाईला सगळं सांगून आली.

आता दुपारचे दोन. तांड्याची चाळीसेक माणसं आली आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा. हेमलाच्याही, हात गळ्यात बांधलेला. हिरीबाई माझ्या दारापासून पावलं मोजत गेली. एकविसाव्यावर थांबली आणि पहिला भारा तिथे उतरवायला लावला. आता गोदामाच्या बाजूने मोजते आहे. गावातलं कुणी घराबाहेर येत नाही. प्रेमा तिच्या शेजारी उभी आहे.