भिंतीवरचं कुंकू

आई,

मंडईजवळ आता जमिनीखालून मेट्रो जाते. काल सुनेबरोबर पहिल्यांदाच खाली उतरलो. सरकत्या जिन्याची धास्ती होतीच, त्यात एवढी माती डोक्यावर, छत खाली बसलं तर काय, असलं काहीबाही मनात घोळत होतं. खाली बोगद्यासारखी लांब वाट आहे आणि तिच्या भिंतीवर जुनी मंडई रंगवतायत. टोपल्या, तराजू, हमाल. आणि मधोमध तू. तुझीच हनुवटी, तुझीच एका बाजूला कललेली मान, पुढ्यात तू विकायचीस ती बिबवेवाडीच्या मळ्यातली मेथी. आणि कपाळावर ठसठशीत लाल कुंकू.

वडील गेले त्या दिवशी आत्याने तुझं कपाळ पुसलं, तेवढंच मला आठवतं. त्याआधीची तू आठवतच नाहीस. पुढे एकदा, दुसरीत असेन, शेजारणीच्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन मी तुला लावायला येतो. तू चुलीपाशी भाकरी थापतेयस. पिठाच्या हातानेच माझ्या थोबाडीत देतेस. "पुन्हा हात लावशील तर बघ," म्हणतेस आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तोंड फिरवून बसतेस. त्यानंतर तुझ्या कपाळाकडे बघायचीसुद्धा मला भीती वाटायची. आणि इथे ते कुंकू साऱ्या पुण्यासमोर.

चित्रापाशी एक मुलगी शिडीवर उभी राहून रंगवत होती. मी ओरडलोच, "अहो बाई, हे खोटं आहे! नवरा गेलेली बाई आहे ती!"

"बाबा, हळू. लोक बघतायत," सून म्हणाली.

"बघू द्या की," स्टेशनावरचा रखवालदार म्हणाला. "भिंत त्यासाठीच रंगवतायत."

मुलगी खाली उतरली. तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. कुणा जुन्या गाळेवाल्याने दिलेला, काळा-पांढरा. "कपाळ रिकामं दिसत होतं आजोबा, म्हणून मीच टाकलं. लांबून येणाऱ्याची नजर तिथे ठरते. सगळं डिझाइन त्याच्याभोवती आहे." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "तुमच्या कोण?"

"आई."

तिने फडकं उचललं. "सॉरी आजोबा. रंग ओला आहे, आत्ता निघेल. पुसू?"

ते फडकं तुझ्या कपाळाकडे निघालं आणि मला आत्याचा हात दिसला. "नको," म्हणालो. "एकदा पुसलंय."

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. तुला न विचारता केलं. येणारे-जाणारे तुला सवाशीण समजणार. तू असतीस तर या वयातही मला थोबाडीत दिली असतीस. हे पत्र टाकणार तरी कुठे, राहील गादीखाली. पण घरात कुणाला बोललो नाही ते तुला सांगतो. निघताना मी मागे वळून पुन्हा पाहिलं. तू फार छान दिसत होतीस.