सर्जेराव सरांचा न धरलेला गोल

मी, इनुस दादाभाई तांबोळी, वय चौसष्ट, रेल्वेचा निवृत्त गार्ड, राहणार यवत, तालुका दौंड, जिल्हा पुणे. परवा पुण्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. भूल देण्याआधी, पुरत्या शुद्धीत, कोणी सांगितले म्हणून नव्हे, हे माझे मृत्युपत्र लिहीत आहे. सकाळपासून तीन वेळा लिहून फाडले. हे चौथे.

१. घर व बँकेतील रक्कम यांची वाटणी पत्नी सरदारबी, मुलगा अफताब आणि मुलगी जास्मिन यांच्यात शरियतप्रमाणे व्हावी. अफताबने आईला विचारल्याशिवाय मागची पडवी पाडू नये. ही विनंती आहे, अट नाही.

२. दौंडच्या रेल्वे फुटबॉल संघात मी अकरा वर्षे गोलकीपर होतो. तेव्हाचे हातमोजे टाकून द्यावेत. त्यांना वास येतो.

३. शिट्टी बाळासो दोरगे यांना द्यावी. आमच्या कागदी लीगमध्ये ते दर वेळी अकराही फॉरवर्ड निवडत, आणि हरले की पंच विकला गेला म्हणत. पंच मी होतो. आता त्यांनी होऊन पाहावे.

४. कागदी लीग म्हणजे काय, हे मुलांना नीट माहीत नाही. वर्ल्डकपच्या वेळी आम्ही आठ जण खऱ्या संघांतले खेळाडू निवडून आपापला संघ कागदावर मांडत असू. खेळाडूने तिकडे गोल केला की इकडे गुण. पहिले चार उपांत्य फेरीत. टीव्हीवरून भांडणे होत, शिवाय निम्म्या गावात वीज नसे. म्हणून मी नियम केला: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी यवतला येणाऱ्या पेपरात छापले असेल तेवढेच धरायचे.

५. १९९८ च्या लीगच्या उपांत्य फेरीत माझ्यासमोर सर्जेराव शितोळे होते. वडगाव रासाईचे, शाळेत पी.टी.चे सर. त्या रात्रीचा वर्ल्डकपचा सामना आम्ही दोघांनी माझ्या घरी टीव्हीवर पाहिला. जादा वेळेत त्यांच्या बचावपटूने गोल केला. बचावपटूच्या गोलाला चार गुण. सर उठून नाचले.

"इनुसभाई, गेला तुमचा संघ! भाभी, चहा टाका, ह्यांना धीर द्या!"

मीही हसलो. त्यांचे तेवीस, माझे एकवीस.

यवतला पेपरची डाक आवृत्ती येते. ती लवकर छापून निघते. सकाळी तिच्यात होते: शून्य-शून्य, जादा वेळ सुरू. मी सरांचे एकोणीस लिहिले.

"आवो, तुमच्या शेजारी बसून बघितला की गोल!"

"पेपरात न्हाई, सर."

"तुमच्या डोळ्यांत तरी हाय का न्हाई?"

मी चौकात, सगळ्यांसमोर, नियम वाचून दाखवला. सर एस.टी.त बसून गेले. अंतिम फेरी मी जिंकली. कोणी टाळी वाजवली नाही. लीग पुन्हा भरली नाही. सर आठ वर्षांत यवतला उतरले नाहीत.

आजवर कोणाला न सांगितलेले आता लिहितो. त्याच दिवशी दुपारी पुण्याच्या गाडीतून उतरलेल्या माणसाच्या हातात शहर आवृत्ती होती. तिच्यात गोल होता, खेळाडूचे नाव होते. पेपर यवतला आला होता. मी तो त्याच्याकडून मागून घेतला, घडी घातली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला.

६. सबब १९९८ चा निकाल मी बदलत आहे. सर्जेराव शितोळे तेवीस, इनुस तांबोळी एकवीस. माझ्या पश्चात लीगची वही व तो पेपर अफताबने वडगावला नेऊन सरांना द्यावा. साक्षीसाठी सरांना बोलावणे धाडले आहे. दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन येतो. शुक्रवारी नवा वर्ल्डकप सुरू होतो आहे. एकही संघ मांडलेला नाही.

यवत, ६ जून २००६.

(सही) इनुस दादाभाई तांबोळी

साक्षीदार १: भैरू काळभोर, शेजारी. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २: अफताबनं गाडीवर आणलं. सगळं वाचलं. कलम सहा मंजूर न्हाई. मेल्यावर पोराच्या हाती पेपर धाडता व्हय, इनुसभाई? नियम चौकात वाचला होता, हे बी चौकात वाचा. मग सही.

इनुसभाईंनी चौकात वाचलं. आवाज बारीक होता, म्हणून दोनदा वाचायला लावलं.

(सही) सर्जेराव शितोळे, वडगाव रासाई