खुशीनं दिलेली तूर

अप्पा, मागच्या महिन्यात जळकोटकडच्या एक आजी माझ्या चॉकलेटच्या कारखान्यात आल्या होत्या. नातीच्या लग्नात वाटायला चॉकलेटं हवी होती. भिंतीवरचा तुमचा फोटो बघून थबकल्या. "ह्ये तर लातूरच्या मोंढ्यातले मापाडी!" मला केवढा आनंद झाला. चहा सांगितला आणि सगळ्यांना ऐकवते तेच त्यांनाही ऐकवलं, की धान्याच्या त्या बाजारात तुमचं माप इतकं चोख होतं की शेतकरी आपणहून दर पोत्यामागे ओंजळभर तूर तुमच्या पिशवीत टाकायचे.

"आपणहून?" आजी म्हणाल्या. "न्हाई टाकली तर आमचे कट्टे मागं सारायचा की गं तुझा बाप. दिवस मावळंस्तोर काट्यावर घेत नव्हता. लेकरू तापानं फणफणलंय, शेवटची यष्टी चुकंल म्हणून हात जोडले एकदा. तरी बी आधी पिशवीच पुढं केली त्यानं." चहा तसाच टाकून त्या उठल्या, चॉकलेटं न घेताच गेल्या.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून मोकळं लिहिते. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी आठ वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन मोंढ्यात आले आहे. एका उघड्या कट्ट्यातली मूठभर तूर फ्रॉकच्या खिशात घालते आणि तुम्ही चारचौघांत माझ्या थोबाडीत देता. "न इचारता घेतलं की चोरी हाय ती! मी घेत न्हाई, ते खुशीनं देतेत." भोवतीचे शेतकरी मान डोलवत होते. का डोलवत होते ते आता कळतं. आई त्याच तुरीचं वरण करायची आणि लोकांची माया आपल्या ताटात येते, असं मला खरंच वाटायचं.

फसवलंत तुम्ही मला. त्या एका वाक्यावर मी धंदा उभा केला. कोकोवाल्या शेतकऱ्यांना बाजारापेक्षा चढा भाव देते, त्यांच्या डोळ्यांसमोर माल मोजते, आणि चॉकलेटच्या वेष्टणावर छापते, 'मापाड्याच्या लेकीचं चोख माप'. लोक त्यावर विश्वास ठेवून जास्त पैसे देतात. गरिबी होती म्हणून घेतलं म्हणाला असतात तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही लुबाडण्याला माया म्हणायला शिकवलंत, याचा राग जात नाही.

परवा आंध्रात कोको घ्यायला गेले होते. तिथला एक शेतकरी दर खेपेला माझ्या गाडीत आपल्या बागेतले नारळ ठेवतो आणि मी इतकी वर्षं हसून घेत आले. या वेळी मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारलं, खुशीनं देताय ना? त्याने आधी आपल्या पोत्यांकडे पाहिलं. ती अजून काट्यावर चढायची होती. मग तो म्हणाला, हो, खुशीनं.

मी नारळ घेऊन आले, अप्पा.