दातांत धरलेली काठी

प्रिय गणपतराव,

दचकलात ना? नाव घेतलं मी तुमचं! लग्नाला चौदा वर्षं झाली, पण उखाण्याखेरीज हे नाव कधी तोंडातून निघालं नव्हतं. आज निघालं, आणि रागानं निघालं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

सकाळी तुमचे भागीदार इस्माईलभाई आले, तुमची हातभर सागवानी काठी परत द्यायला. "वैनी, ही तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आमी लय कानाला लावून बघितली, भाऊंवानी काय जमंना."

"कानाला कशाला? ते तर दातांत धरायचे."

"मग? मागली दोन-तीन वर्सं कानानं कुटं ऐकू येत व्हतं भाऊंना! इंजनाची थरथर काठीतनं दातात, दातातनं डोस्क्यात. तेवढंच कळायचं. तुमाला अजून ठावं न्हाई? भाऊंनी आमाला शपत घातलेली, पन आमाला वाटलं, मागनं त्यांनीच सांगितलं आसंल."

मला ठावं न्हाई! गॅरेजात सगळ्यांना ठाऊक, घाट चढून येणाऱ्या ड्रायव्हरांना ठाऊक, आणि घरात मी एकटी वेडी. वर त्यांना शपथ घातली होतीत, वैनीला सांगू नका म्हणून!

मी एकदा डबा घेऊन आले होते, आठवतं? मुंबईच्या शेठची जुनी मोटार उभ्या जागी थरथरत होती, आत कुणी मुसळ घालतंय असा ठोका. इंजिन गेलं म्हणून शेठ कपाळाला हात लावून बसला होता. तुम्ही काठीचं एक टोक इंजिनावर टेकवलंत, दुसरं दातांत धरलंत आणि डोळे मिटलेत. मग स्क्रूड्रायव्हर लावून एकेक प्लग बंद करत गेलात. तिसरा बंद केला आणि ठोका थांबला. "तिसऱ्याचं खालचं बेअरिंग ढिलं झालंय, बाकी इंजिन ठणठणीत." उघडलं तर अगदी तसंच! काय कान आहेत या माणसाचे, असं म्हणत मी मिरवत घरी आले. कान म्हणे!

आणि घरी? चुलीपासून विचारायची, भाकरी वाढू का? उत्तर नाही. सासूबाई समोर बसलेल्या, मी आवाज तरी किती चढवणार? मला वाटायचं, यांना लोखंडाची कुरकुर कळते, बायकोची नाही. शेवटी मीही अबोला धरला. दीड वर्ष! "यमुने, जरा मोठ्यानं बोल," एवढं म्हणाला असतात तर जीभ झडली असती का?

मग तो दिवस. तुम्ही काठी दातांत धरून चालू इंजिनावर वाकलेले आणि पाठीमागून लॉरी मागे येत होती. मी रस्त्याच्या कडेला, हातात डबा. "अहो! अहो!" म्हणून किंचाळले. भर बाजारात चार पुरुष वळले, तुम्ही नाही वळलात.

त्यानंतर तीन महिने मला एकच गोष्ट खात होती. नाव घेतलं असतं तर? रीत पाळत बसले आणि नवरा गमावला! धुणं धुताना कोणी नाही बघून पाण्याकडे तोंड करायची आणि नाव घ्यायची. गणपत. गणपतराव. अहो गणपतराव, मागे बघा!

आणि आज कळतंय, नावसुद्धा पोचलं नसतं. कसली लाज होती हो एवढी? बहिरा मिस्त्री म्हणून गिऱ्हाईक गेलं असतं, असं वाटलं असेल. पण मी काय गिऱ्हाईक होते?

ठाऊक असतं तर मी ओरडत उभी राहिले नसते. डबा फेकून धावले असते, दंडाला धरून ओढलं असतं. इस्माईलभाई गेल्यावर मी तिथे जाऊन आले. जिथे मी उभी होते तिथून तुमच्यापर्यंत बारा पावलं आहेत. फक्त बारा!

काठी माझ्यापाशीच राहील. तुमच्या दातांच्या खुणा आहेत तिच्यावर, ती कुणाला द्यायची नाही.

आणि एक वचन देते. तिकडे भेटाल तेव्हा लांबून हाक मारणार नाही. चालत येईन, दंडाला धरून वळवीन आणि तोंडासमोर उभी राहून तुमचं नाव घेईन. तेव्हा मात्र उत्तर द्यायचं.

तुमचीच, पण अजून रागावलेली,
यमुना