मांडीवरचं मशीन

८ फेब्रुवारी, शनिवार

बक्षीस लागलं! मला! जन्मात पहिल्यांदा!

कंपनीच्या वार्षिक समारंभात चिठ्ठ्या काढल्या. पहिलं बक्षीस फ्रिज, दुसरं शिलाई मशीन, तिसरं माझं – कॅराओके मशीन. लहानशा बॅगेएवढं. वर धरायला मूठ, दोन माइक, पंजाएवढा पडदा. संगीत ते वाजवणार, शब्द पडद्यावर सरकणार, आपण फक्त गायचं. गाणं संपलं की टाळ्या वाजवतं आणि शंभरपैकी गुण देतं. वर प्रत्येकाचं गाणं तारीखवार साठवून ठेवतं. म्हणजे ‘छे, मी एवढं बेसूर गायलोच नाही’ म्हणायची सोयच नाही.

माझा कामावरचा जोडीदार – त्याला सगळे ‘ब्रेक’ म्हणतात, कारण तो कुठलंही वाक्य पुरं करत नाही – म्हणाला, “लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला गाण्याचं मशीन म्हणजे अगदीच...” आणि थांबला. मी वाट पाहिली. नाहीच.

घरी आणलं. हिने मशीनभोवती दोन चकरा मारल्या. मग म्हणाली, “लहानपणी गायचे मी.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय!

९ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. दोन गल्ल्या पलीकडे राहते, शाळेत गणित शिकवते. तीस वर्षं लोकांच्या पोरांना गुण देतेय – आज तिला मिळाले. ४१. चष्मा पुसून परत पाहिलं. म्हणाली, “मशीन बिघडलंय.” मला ३८. तेव्हा म्हणाली, “नाही, ठीक आहे मशीन.”

मग ही उठली. टेबलावरून मशीन उचललं, मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कवटाळलं, वर हनुवटी टेकवली आणि गायली. होडीचं एक जुनं गाणं.

ताई म्हणाली, “अगं, ते बाळ आहे का?”

९३!

टाळ्या फक्त मशीनच्या. ताईने त्याचं नाव ठेवलं – परीक्षक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज टेबलावर ठेवूनच गायली. ४७. सुरुवातच चुकली, आवाज तर पुटपुटल्यासारखा. मूड नसेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

मूड नाहीच. माझी खात्री झाली, ही माझ्यावर चिडलीय.

लक्षणं अशी. एक, बोलते ते इतकं हळू की पुढे वाकावं लागतं. चिडलेली बाई ओरडली तर परवडते. हळू बोलायला लागली की समजावं, प्रकरण खोल आहे. दोन, मी काही विचारलं की उत्तर नाही. पाठ करून बसते. तीन, टीव्ही एवढा मोठा लावते की मला बोलताच येऊ नये.

कशावरून चिडली असेल? आठवून पाहिलं. एक कारण सापडेल वाटलं होतं, पाच सापडली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कबुली द्यायची ठरवलं. ही ओट्याशी भांडी विसळत होती. मी मागे उभा राहून, मान खाली घालून सुरुवात केली –

“तुझ्या निळ्या कपाचा कान मी मोडला. शेजारच्या बोक्याने नाही.”

काही नाही. नळ चालू.

“तू विणलेला स्वेटर लिफ्टच्या खड्ड्यात पडला नव्हता. मी ब्रेकला दिला. टोचायचा.”

तिने वळून पाहिलं. शांतपणे म्हणाली, “बरं. उद्या आणते.”

काय आणणार? वकील?

१९ फेब्रुवारी, बुधवार

साबण आणला. दोन वड्या. ह्याचा अर्थ काय?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कामावरून लवकर सुटलो आणि थेट हिच्या छापखान्यावर गेलो. ही बाइंडिंगला आहे. फाटकात त्यांच्या मुख्य बाई भेटल्या. मी आडून आडून विचारलं, “हिचं बरं चाललंय ना? म्हणजे... बोलते ना सगळ्यांशी?”

“बोलते म्हणजे? मशिनांच्या धडधडाटात आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडतो, त्यात सगळ्यात आधी ओ कोण देतं? तुमची बायको!”

झालं. म्हणजे जगात सगळ्यांचं ऐकू जातं. माझंच तेवढं जात नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज फुटलं.

सकाळी कपाटावरून बॅग काढताना दिसली. मी विचारलं, “कुठे?” उत्तर नाही. पुढे जाऊन उभा राहिलो. “कुठे निघालीस?”

“भावाकडे. पुढच्या शनिवारी. महिनाभर राहीन.” तेच हळू बोलणं. “तुम्हालाही बरं वाटेल.”

“मला? मला का बरं वाटेल?”

“मला काय कळत नाही? वर्ष झालं, तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटता. काय म्हणालात विचारलं की ‘जाऊ दे’ म्हणता. माणूस कंटाळला की असंच करतो.”

मी? कंटाळलो? मी तर उलट – मी एवढा चक्रावलो की ओरडलोच, “मी कुठे पुटपुटतो!”

“बघा,” ती म्हणाली. “आता ओरडताय.”

ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. ताईने फोनवर विचारलं, “परीक्षक काय म्हणतोय?” मी म्हटलं, “नापास.”

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हे सगळं नीट लिहून काढतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आज एका आठ मजली कचेरीच्या लिफ्टचं काम. मोटर कुरकुरत होती. वरच्या खोलीत इतका गोंगाट की कानाने काही कळेना. मग आम्ही जे नेहमी करतो ते केलं – लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक मोटरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. अशा वेळी आवाज कानातून येत नाही, हाडातून येतो. लख्ख. बेअरिंग गेलं होतं.

ब्रेक म्हणाला, “कान दोन बोटांनी बंद केले तरी ऐकू येतं, कारण हाड म्हणजे...” आणि थांबला.

ह्या खेपेला त्याचं वाक्य माझ्या डोक्यात पुरं झालं.

हाड. हनुवटी. मशीन मांडीवर!

बेअरिंग बसवलं कसं ते आठवत नाही. घरी आलो, ही अजून यायची होती. परीक्षकाच्या पोटातली हिची सगळी गाणी काढली. सतरा होती. एकेक ऐकलं. मांडीवरची लगेच ओळखू येतात – कपड्याची सळसळ येते, श्वास जवळून येतो. ९३, ९१, ९५, ९०. ताल चुकत नाही, सूर हलत नाही. टेबलावरची – ४७, ५२, ४४. संगीत मोठं केलेलं आणि हिचा आवाज इतका हळू की परीक्षकालाही पुढे वाकावं लागलं असेल.

सतराच्या सतरा गाण्यांत हा एकच फरक. मूड नाही, राग नाही. ती चिडलेली नाहीच.

तिला ऐकू येत नाहीये.

आणि मी इथे माझी पापं मोजत बसलो होतो! गाढव.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आधी खात्री केली. ही पेपर वाचत होती. मी मागे उभा राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, “घराला आग लागलीय.” तिने पान उलटलं.

मग परीक्षक टेबलावर लावला. बिनशब्दांचं संगीत, अगदी बारीक आवाजात. स्क्रू-ड्रायव्हर आणला. ती म्हणाली, “हे काय आता?” मी खुणेने सांगितलं, बस. टोक मशीनला लावलं, मूठ हलकेच तिच्या कानामागे टेकवली.

ती दचकली. मान वळवायला लागली, मी धरून ठेवली.

“हे कुठून येतंय?”

मी समोर आलो, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “ते कधीपासून चालू आहे.”

तिने मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“म्हणजे तुम्ही बोलत होता?”

“रोज!”

“मला वाटलं, छापखान्याची घरघर कानात राहते. रविवारीही राहते म्हणजे थकवा असेल. आणि स्वतःचा आवाज तर मला चांगला मोठा ऐकू येतो हो!” रडत होती आणि हसतही होती. “काय काय बोललात तुम्ही?”

“खूप काही.”

“सांगा ना.”

“...कपाचा कान मी मोडला.”

“कुठला कप?”

आली का पंचाईत! सगळ्या कबुल्या पहिल्यापासून द्याव्या लागल्या, त्याही ओरडून. वरच्या मजल्यापर्यंत गेल्या असणार. स्वेटरवर मात्र ती खरंच चिडली. दहा मिनिटं. काय बरं वाटलं मला!

बॅग परत कपाटावर.

४ मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टर. बाई आहेत, कमी बोलतात. लोखंडी चिमटा वाजवून हिच्या कानासमोर धरला – नाही. कानामागच्या हाडाला टेकवला – हो! मी मान डोलावली, जणू तो शोध माझाच.

मग काचेच्या खोलीत बसवून तपासलं, आलेख काढला. कानात आत तीन हाडं असतात म्हणे, एकाला एक जोडलेली. तिसरं तांदळाच्या दाण्याहून लहान. ते हलायला हवं, हलत नाही.

“जाम झालंय?” मी विचारलं.

“जाम झालंय,” डॉक्टर म्हणाल्या. “ते काढून तिथे बारीकसा पिस्टन बसवतात.”

पिस्टन! माझ्या बायकोच्या कानात पिस्टन! मी एवढे प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्ही काय करता?”

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. शंभरात एखाद्याचा ऑपरेशन केलेला कान कायमचा जातो. हे त्यांनी हिच्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. दोनदा.

७ मार्च, शुक्रवार

ताईचा विरोध. “यंत्र लाव कानाला, कशाला सुरी लावून घेतेस?” मलाही मनातून तेच वाटत होतं. पण कान तिचा.

ही म्हणाली, “ताई, शंभरात नव्याण्णव. तुमच्या शाळेत एवढे गुण पडले तर तुम्ही मुलाला नापास करता का?”

ताई गणितात पहिल्यांदा हरली.

१८ मार्च, मंगळवार

उद्या.

संध्याकाळी हिने परीक्षक मांडीवर घेतला आणि माइक माझ्या हातात दिला. “गा.”

“मी? अडतीसवाला?”

“गा म्हटलं ना.”

होडीचं गाणं गायलो. हिची हनुवटी मशीनवर, डोळे मिटलेले. ३६. आणखी एक. ३४. घसरतच चाललो. आठ गाणी झाली, घसा बसला, शेजाऱ्यांनी खिडकी लावली. मी म्हटलं, “पुसून टाकतो ही सगळी.”

“हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “राहू देत त्यात. उद्याचं कुणी पाहिलंय.”

म्हणजे तीही घाबरलीय.

१९ मार्च, बुधवार

सव्वा तास आत होती. बाहेरच्या बाकावर ताई आणि मी. दवाखान्याची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबताना एक हिसका देते – ब्रेक घासलाय. सव्वा तासात एकोणीस वेळा थांबली. मी मनातल्या मनात तो ब्रेक उघडला, साफ केला, परत बसवला, परत उघडला. ताई हातातला रुमाल पिळत होती.

डॉक्टर बाहेर आल्या. “पिस्टन बसला. ऐकू किती येतं ते कानातला बोळा काढल्यावर.”

ताई रडली! ताई!

२० मार्च, गुरुवार

हिला चक्कर येते. पडून आहे. आमचं बोलणं वहीवर. तिने लिहिलं – “तुमचं अक्षर पण पुटपुटतं.”

२ एप्रिल, बुधवार

बोळा काढला. डॉक्टरांची खुर्ची करकरली तर ही केवढी दचकली! डॉक्टर हसल्या. कागद भरताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “हळूहळू वाढत जातं हे. तुमचं तर दहा-बारा वर्षांपासूनचं असणार.”

लिफ्ट बंद. जिन्याने उतरायला लागलो. दोन पायऱ्यांनंतर माझा हिशेब झाला. लग्नाला आमच्या सात वर्षं.

मी थांबलो. म्हटलं, “पायरी सांभाळ.” नेहमीच्या आवाजात.

तिने कठडा धरला. माझ्याकडे बघत राहिली.

“हा तुमचा आवाज?”

“हो.”

“मशीनमधून तर जाड वाटायचा.” आणि मग – “परत बोला.”

“काय बोलू?”

“काहीही.”

मग त्याच नेहमीच्या आवाजात पायऱ्या मोजत उतरलो. अठ्ठावन्न आहेत.